बागेतली औषधं खाडीत उतरली की सूक्ष्मजीवांचं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विजयदुर्ग खाडीच्या उतारावर हापूसची कलमं, खालच्या अंगाला पोफळी. मोहोरावर सहा फवारण्या, पावसात कल्टार (झाडाची वाढ रोखणारं औषध) आणि सुपारीवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक). खाडीत तिसऱ्या (खायचे शिंपले) कमी मिळू लागल्यात, अशी गावात चर्चा. ही औषधं समुद्रातले सूक्ष्मजीव मारतात का, आणि ते तपासायचं कसं?

'मारतात का' असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं, आणि तिथेच फसगत होते. खाडीच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या घरात जीवाणू असतात. त्यातले एका जातीचे मेले, तर दुसऱ्या जाती एक-दोन दिवसांत ती जागा भरून काढतात. तुम्ही मोजायला जाता तेव्हा आकडा जवळपास तेवढाच भरतो. बदललेलं असतं ते हे की उरलं कोण, आणि कोणाचं काम बंद पडलं. म्हणून 'किती मेले' हे बाजूला ठेवा. प्रकाशसंश्लेषण किती झालं, नत्राचं चक्र फिरतंय का, डायटम (एकपेशी सूक्ष्म शेवाळ) कमी होऊन दुसरंच काही माजलंय का, हे विचारा.

औषध कोणत्या कप्प्यावर घाव घालतं त्यावर सगळं अवलंबून आहे. मोहोरावरची कीटकनाशकं घ्या. डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही सगळी किड्याच्या मज्जासंस्थेवर चालतात. जीवाणूला आणि शेवाळाला मज्जातंतूच नाहीत, त्यामुळे खाडीत सापडतात त्या पातळीला त्यांना थेट इजा फारशी होत नाही. इजा होते ती कोपेपॉड (कोळंबीवर्गातले बारीक तरंगते जीव), कोळंबीची पिल्लं, खेकड्यांच्या अळ्या यांना. हे कवचधारी जीव सूक्ष्म वनस्पती चरून खातात. चरणारे गेले की चारा वाढतो. त्यामुळे फवारणीनंतर पाणी जास्त हिरवं दिसलं, तर ते तब्येत सुधारल्याचं लक्षण समजू नका.

तणनाशकांची गोष्ट वेगळी, कारण ती वनस्पतीच्या यंत्रणेवरच बसतात आणि डायटमकडे तीच यंत्रणा आहे. डाययुरॉन आणि ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषणाच्या दुसऱ्या प्रणालीतल्या डी-१ प्रथिनावर, प्लास्टोक्विनोन जिथे टेकतं नेमक्या त्याच खाचेत जाऊन बसतात आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतात. (प्रयोगशाळेत प्रकाशसंश्लेषण मुद्दाम बंद पाडायला जे डीसीएमयू वापरतात, ते म्हणजे हेच डाययुरॉन.) लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या खालीसुद्धा संवेदनशील डायटममध्ये हा अडथळा मोजता येतो. क्वीन्सलँडमध्ये उसाच्या शेतातून पुराबरोबर डाययुरॉन ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात जात होतं. म्हणून ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. कोल्हापूर-सांगलीच्या उसावरची तणनाशकं मात्र तुमच्या खाडीत येत नाहीत. ते पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. सह्याद्रीच्या अलीकडे जे फवारलं जातं, तेवढंच तुमच्या हिशेबात धरा.

ग्लायफोसेट वनस्पती, बुरशी आणि पुष्कळ जीवाणूंमध्ये असलेला शिकिमेट मार्ग (काही अमिनो आम्लं बनवणारी साखळी) बंद करतं. प्राण्यांत हा मार्ग नाही, म्हणून 'ते मासळीला काही करत नाही' हे वाक्य रुजलं. पण सूक्ष्मजीवांच्या बाबतीत ते दुधारी आहे. काही जातींची वाढ खुंटते, तर काही जीवाणू त्याचा कार्बन-फॉस्फरस बंध तोडून त्यालाच स्फुरदाचं खत म्हणून वापरतात. म्हणजे एकाला विष, दुसऱ्याला खाद्य. समुद्राच्या पाण्यात ते लवकर नाहीसं होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २५ अंशांना मंद प्रकाशात त्याची अर्धी मात्रा उरायला ४७ दिवस लागले, आणि ३१ अंशांना अंधारात २६७ दिवस. खाडीचं गढूळ पाणी आणि तळाचा चिखल म्हणजे अंधारच.

आता तांबं. मोरचूद (कॉपर सल्फेट) हे समुद्री सूक्ष्मजीवांचं जुनं आणि नीट अभ्यासलेलं विष आहे. बोर्डोला कोणी विष मानत नाही म्हणून त्यावर जरा थांबतो. एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. एक किलो मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅम तांबं असतं. हे तांबं कधीच विघटित होत नाही, फक्त जागा बदलतं. मात्र पाण्यातलं सगळं तांबं सारखं विषारी नसतं. घातक असतो तो मुक्त आयन. पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी बांधलं गेलेलं तांबं पेशीत सहज शिरत नाही, आणि किनाऱ्याच्या पाण्यात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त विरघळलेलं तांबं असं बांधलेलंच असतं. बांधणारे पदार्थ संपले की मुक्त तांबं एकदम चढतं. सिनेकोकॉकससारखे नीलहरित जीवाणू आधी कोलमडतात, डायटम त्या मानाने चिवट. बागायतदाराची जुनी परीक्षा इथे कामाची आहे. तयार बोर्डोत लोखंडी सळई किंवा विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवायचं. तांबूस पुट चढलं, तर चुना कमी पडलाय आणि तांबं मुक्त आहे. सुपारीची पानं करपवणारं तांबं ते हेच, आणि वाहून गेलं तर शेवाळालाही तेच नडतं. पुट चढायचं थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालत राहा. चुना जुना, हवा लागून विरलेला असेल, तर एकास एक माप पाळूनही मिश्रण आम्लच राहतं. बहुतेक चुका इथेच होतात.

बुरशीनाशकांत हेक्झाकोनॅझोल आणि वाढनियंत्रकांत कल्टारमधलं पॅक्लोब्युट्राझोल, ही दोन्ही ट्रायाझोल कुळातली. पेशीपटलाला लागणारं स्टेरॉल आणि जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या विकरांवर (एन्झाइमांवर) ती बसतात. बुरशी आणि शेवाळ दोघांकडे स्टेरॉल आहे, जीवाणूंकडे सहसा नाही. म्हणून इथे नजर ठेवायची ती खारफुटीची पानं कुजवणाऱ्या बुरशीवर.

आता हे तुमच्या पंचांगावर मांडून बघू. मोहोराच्या फवारण्या डिसेंबर ते मार्चमध्ये, पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मधले दोन-तीन महिने ऊन आणि माती काम करतात. डेल्टामेथ्रीन मातीत काही आठवड्यांत निम्मं होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मातीच्या कणाला घट्ट धरून बसतं. इमिडाक्लोप्रिड उलट वागतं. लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळतं, मातीत महिनोन्महिने टिकतं, म्हणून पहिल्या पावसात ते व्हाळाच्या (ओढ्याच्या) पाण्यात येतं. पण आधी म्हटलं तसं, सूक्ष्मजीवांपेक्षा त्यांना खाणाऱ्यांना त्याची झळ जास्त.

माझ्या मते सूक्ष्मजीवांसाठी तुमच्या बागेतला खरा धोका पावसाळ्यात जमिनीवर आणि पोफळीवर पडणाऱ्या गोष्टींत आहे. कल्टार १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान देतात. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती दहा-पंधरा सेंटिमीटर खोल खड्ड्यांत. त्याच महिन्यात कोकणात पाऊस कोसळत असतो, आणि हे रसायन मातीत सहा महिन्यांहून जास्त टिकू शकतं. सुपारीच्या कोळेरोगासाठी (पावसातली फळकूज) पहिला बोर्डो पावसाच्या तोंडावर आणि दुसरा साधारण ४० ते ४५ दिवसांनी, म्हणजे भर पावसात. तणनाशकही तण उगवल्यावरच मारणार. जांभ्या दगडाचा उतार, वर वीतभर माती, खाली आखूड नदी. मारलेलं औषध खाडीत पोचायला एक रात्र पुरते. दिलासा एवढाच की पावसात खाडी स्वतःला धुऊन काढते. गोव्याच्या मांडवी-झुआरीत पावसाळ्यात पाणी पाच-सहा दिवसांत बदलतं, उन्हाळ्यात त्याला दीड महिन्याच्या वर लागतो.

या शेवटच्या वाक्यातच दुसरा धोका दडला आहे: जानेवारी-फेब्रुवारीत पंप आणि बॅरल व्हाळात धुणं. हिशेब करून बघा. डेल्टामेथ्रीन २.८ टक्के, दहा लिटरला ९ मिली, म्हणजे लिटरभर द्रावणात सुमारे २५ मिलिग्रॅम औषध. २०० लिटरच्या बॅरलच्या तळाला आणि नळीत मिळून पाच लिटर उरलं, तर १२६ मिलिग्रॅम. कोळंबीवर्गातल्या नाजूक जीवांना लिटरला काही नॅनोग्रॅम पुरे होतात. हे १२६ मिलिग्रॅम दहा नॅनोग्रॅमपर्यंत पातळ करायला १२,६०० घनमीटर पाणी लागेल, म्हणजे शंभर मीटर लांब, त्रेसष्ट मीटर रुंद आणि दोन मीटर खोल डोह. प्रत्यक्षात बरंचसं चिखलाला चिकटतं, त्यामुळे पाण्यातली पातळी एवढी चढत नाही. पण मग ते चिखलातच राहतं, आणि मार्च-एप्रिलच्या संथ खाडीत ते हलवायला कोणी नसतं.

गोडं पाणी खाऱ्याला भिडतं तिथे आणखी एक गोष्ट घडते. मीठ लागलं की गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. कणाला धरून आलेलं औषधही तिथेच बसतं. म्हणून पाण्याच्या नमुन्यात काही निघालं नाही तरी चिखल तपासल्याशिवाय निकाल देऊ नये. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ च्या आसपास असतो. अल्कधर्मी पाण्यात बरीच ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट झपाट्याने तुटतात. २०१८ मध्ये बंद झालेलं कार्बारिल सामू ७ ला दहा-बारा दिवसांत निम्मं व्हायचं, सामू ९ ला काही तासांतच. डीडीटी आणि एंडोसल्फान यांच्या पिढीची गत वेगळी होती. डीडीटी शेतीसाठी १९८९ मध्ये बंद झालं, एंडोसल्फान २०११ मध्ये, पण त्यांचे अवशेष जुन्या गाळात अजून धरावे लागतात. 'कोण उरलं' हा मुद्दाही डीडीटीवरच पहिल्यांदा ठळक झाला. चार्ल्स वुर्स्टर यांनी १९६८ मध्ये दाखवलं की डीडीटी समुद्री वनस्पतिप्लवकांचं प्रकाशसंश्लेषण कमी करतं. १९७२ मध्ये त्यांच्याच गटाने एका भांड्यात डायटम आणि हिरवं शेवाळ एकत्र वाढवलं. एरवी डायटम वरचढ ठरायचा. विषाची मात्रा इतकी थोडी की वेगवेगळं वाढवताना दोघांवर फरक दिसेना, पण एकत्र असताना डायटमचं वर्चस्व गेलं.

तपासणीकडे येऊ. नमुन्यासाठी किमान पाच जागा धरा: बागेच्या वर व्हाळाचं पाणी, व्हाळ खाडीला मिळतो ती जागा, तिथून दोनशे मीटर वर आणि खाली, आणि जिच्या काठाला बागा नाहीत अशी एखादी शेजारची खाडी. वेळा चार: फेब्रुवारीअखेर, जूनमधला पहिला मोठा प्रवाह, कल्टार दिल्यानंतरचा पहिला जोराचा पाऊस, आणि सप्टेंबरअखेर. प्रत्येक वेळी भरतीची अवस्था एकच ठेवा. ओहोटीचा शेवटचा तास घेतला तर बागेकडून येणारं पाणी सापडतं. एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला) नमुना घेतलात, तर फरक औषधाचा की चंद्राचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पाणी तपकिरी काचेच्या लिटरच्या बाटलीत, पृष्ठभागाखाली हातभर अंतरावरून घ्यायचं. बाटली आधी ॲसिटोनने धुऊन वाळवलेली हवी. पायरेथ्रॉइड प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतं, पाण्यात काही उरत नाही, आणि अहवालात 'आढळले नाही' असं येतं. तांब्याचं नेमकं उलट: त्यासाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली. चिखलाचा वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थरच खरवडून काचेच्या बरणीत घ्या, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा कागद लावा. सगळं बर्फात. एक बाटली शुद्ध पाण्याने भरलेली बरोबर न्या आणि जागेवर उघडून बंद करा. फवारणीच्या कपड्यांनी नमुना घेतला असेल, तर ती बाटली ते उघड करते. प्रयोगशाळेत देताना नावं लिहून द्या. एकत्रित तपासणीत शे-दीडशे औषधं निघतात, पण ग्लायफोसेट त्यात बसत नाही. त्याची आणि त्याच्या विघटनातून होणाऱ्या ॲम्पाची पद्धत वेगळी असते. तांबंही वेगळं मागावं लागतं, आणि मिठामुळे यंत्राचं वाचन बिघडतं, म्हणून 'नमुना खाऱ्या पाण्याचा आहे' हे आधीच सांगा.

जीवांच्या बाजूने चार मोजमापं पुरतात. हरितद्रव्यासाठी अर्धा ते एक लिटर पाणी ०.७ मायक्रॉनच्या काचतंतूच्या गाळणीतून हलक्या दाबाने गाळा. गाळणी ९० टक्के ॲसिटोनमध्ये फ्रिजमध्ये अंधारात २४ तास ठेवा, मग मोजा. पेशी ओळखायला १०० मिली पाण्यात साधारण एक मिली ल्युगॉल (आयोडीनचं द्रावण). जीवाणूंसाठी पाणी दोन टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये राखून ०.२ मायक्रॉनच्या काळ्या गाळणीवर डीएपीआय या चमकणाऱ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. झोबेल आगर या खाद्यमाध्यमाच्या ताटलीवर उगवणाऱ्या वसाहतींवर विसंबू नका. समुद्रातले शंभरात एकही जीवाणू तिथे धड उगवत नाहीत. आणि चौथं, सगळ्यांत तीक्ष्ण: पॅम फ्लोरोमीटरने (हरितद्रव्याची चमक मोजणाऱ्या यंत्राने) प्रकाशप्रणालीची कार्यक्षमता. नमुना १५ ते ३० मिनिटं अंधारात ठेवून घेतलेलं वाचन सुदृढ डायटममध्ये ०.६ ते ०.७ येतं. डाययुरॉनसारख्यांसाठी उजेडातलं वाचन आणखी हळवं, काही तासांतच घसरतं.

इथे दोन सापळे आहेत. प्रकाशसंश्लेषण अडवलं की काही पेशी सावलीत असल्यासारख्या वागतात आणि दर पेशीमागे हरितद्रव्य वाढवतात. नुसतं हरितद्रव्य मोजणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं. दुसरा सापळा चमकणाऱ्या जीवाणूच्या चाचणीचा. ॲलिव्हिब्रिओ फिशेरीचा प्रकाश १५ अंशांना १५ किंवा ३० मिनिटांत किती मंदावतो हे ती मोजते. झटपट आहे, पण हा जीवाणू प्रकाशसंश्लेषण करतच नाही, त्यामुळे तणनाशक त्याच्यासमोरून निसटतं. त्यासाठी स्केलेटोनेमा किंवा फिओडॅक्टिलम या डायटमची ७२ तासांची वाढचाचणीच हवी.

पावसात हे सगळं आणखी गुंततं, कारण क्षारता (हजारी) ३० वरून २-३ वर आली की समुद्री डायटम औषधाविनाही मरतात. वर गढूळपणा, वर खताचं नत्र. यातून औषधाचा वाटा वेगळा काढायचा तर फेब्रुवारीचं स्वच्छ खाडीपाणी घ्या, २०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून चरणारे जीव काढा, आणि काचेच्या बाटल्यांत ०, ०.१, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम अशा मात्रा द्या. प्रत्येकी तीन बाटल्या, बारा तास उजेड, बारा तास अंधार, तीन दिवस. न गाळलेल्या पाण्याचा असाच दुसरा संच ठेवा. दोन संचांतला फरक म्हणजे चरणाऱ्यांचा वाटा. औषध विरघळवायला ॲसिटोन वापरलंत, तर लिटरला ०.१ मिलीच्या वर जाऊ नका, आणि नुसत्या ॲसिटोनची बाटलीही ठेवा. जीवाणू ॲसिटोन आवडीने खातात. 'औषधाने जीवाणू वाढले' असे निष्कर्ष कधीकधी तिथून निघतात. दुकानातली बाटली आणि शुद्ध रसायन हेही वेगवेगळं तपासा, कारण प्रवाही औषधातलं द्रावक आणि पायसीकारक स्वतःच काम करतात.

प्रदूषण जुनं आहे का हे ओळखायची एक चांगली युक्ती आहे. व्हाळाच्या तोंडाशी आणि बिनबागेच्या खाडीत काचेच्या पट्ट्या तीन आठवडे बुडवून ठेवा, त्यावर जैविक थर बसू द्या. मग दोन्ही थरांना तांब्याची वाढती मात्रा देऊन पॅम वाचन घ्या. व्हाळाजवळचा थर जास्त सोसत असेल, तर हळवे जीव तिथून आधीच गळालेत.

यंत्र नसेल तर ओहोटीला चिखल बघा. निरोगी चिखलावर ऊन पडलं की सोनेरी-तपकिरी साय दिसते. ती डायटमची. त्यांच्या चिकट स्रावाने चिखल धरून राहतो, आणि तिसऱ्या, मुळे (हेही शिंपलेच), शेवटा मासा यांचं पोट त्यावर भरतं. व्हाळाच्या तोंडाशी ही साय नाही आणि पन्नास पावलांवर आहे, असं दोन-तीन ओहोट्यांना दिसलं, तर चिखलाचा नमुना तिथलाच पाठवा.

बागेत करायचं ते एवढं. बॅरलमध्ये तळाला उरलेलं द्रावण दहापट पाण्याने पातळ करून कलमांवरच संपवा. पंप, नळी, गन व्हाळापासून लांब, पालापाचोळा आणि शेण घातलेल्या खड्ड्यावर धुवा. त्यातली माती आणि जंतू बरंचसं औषध अडवतात. कल्टार देताना पुढच्या दोन दिवसांचा अंदाज बघा, खड्डे मातीने बुजवा, आणि व्हाळाकडच्या कडेच्या कलमांना शक्यतो देऊच नका. बोर्डोत राळेचा साबण किंवा तसला चिकटा घाला, म्हणजे तांबं पानावर आणि घडावर राहतं. व्हाळाच्या दोन्ही अंगाला आठ-दहा मीटर गवत राखा आणि तिथे तणनाशक मारू नका, विळ्याने कापा.

तिसऱ्यांबद्दल मात्र घाई नको. रेतीउपसा, उन्हाळ्यात चढलेली क्षारता, लहान आकाराच्याच उपसल्या जाणं, यातलं कोणतंही एक कारण एकटंही पुरेसं असतं. त्यांची पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत वाढतात, आणि तेव्हा त्यांचं खाणं म्हणजे हेच सूक्ष्म शेवाळ. व्हाळाजवळ मोठ्या तिसऱ्या आहेत पण नखाएवढ्या नाहीत असं चाळणीत दिसलं, तर पाण्यातल्या त्या दिवसांत काही बिघडतंय. मग वरचा सगळा खटाटोप करण्यात अर्थ आहे. दोन्ही मापाच्या सारख्याच कमी असतील, तर आधी रेतीच्या होड्या मोजा.